‘जमत नाही’ हा कोणता काळ?

‘मी पोहत नाही’ आणि ‘मला पोहता येत नाही’ ही दोन वाक्यं मराठीत शेजारी राहतात, पण त्यांचं एकमेकींशी फारसं नातं नाही. पहिल्यात माणूस कर्ता आहे. पोहायचं की नाही ते त्याच्या हातात आहे. दुसऱ्यात तो ‘मला’ होऊन बाजूला बसलाय आणि पोहणं ही कुठूनतरी यायची गोष्ट झाली आहे, पाहुण्यासारखी. आली तर आली. गणित येतं, सूर लागतो, चित्र जमतं, धीर होतो, बोलणं सुचतं. कौशल्यांबद्दल बोलताना आपली भाषा माणसाला जवळपास नेहमीच ‘मला’त बसवते. त्यात गैर काही नाही. पिढ्यान् पिढ्या असंच बोलत लोक पोहायला शिकले आणि गायलाही. पण या रचनेत एक सोय दडलेली आहे. न आलेल्या गोष्टीचा दोष कुणाकडेच जात नाही, त्यामुळे तिची चौकशीही कुणी करत नाही.

त्यात पुन्हा काळाची गंमत आहे. ‘जमलं नाही’ ही घटना आहे. तिला तारीख असते, जागा असते, त्या दिवशी आपण नीट झोपलो होतो की नाही हेही असतं. ‘जमत नाही’ला यातलं काही नसतं. ते काल, आज आणि उद्या असं एकदमच अंथरलं जातं. पुढे ‘जमायचं नाही’ येतं, आणि ‘आपला तो पिंडच नाही’ इथवर पोचलं की विषय मिटला.

किती ‘जमलं नाही’ मिळून एक ‘जमत नाही’ होतं? हा प्रश्न स्वतःला खरोखर विचारून बघण्यासारखा आहे. कागद घ्या, एक ‘मला अमुक येत नाही’ लिहा आणि त्याखाली ते प्रत्यक्ष करून पाहिल्याच्या तारखा लिहा. अंदाजे चालतील. बहुतेकांची यादी दोनतीन ओळींत संपते, आणि शेवटची तारीख शाळेतली असते. कुणीतरी शेजारी उभं होतं, काहीतरी बोललं किंवा नुसतं हसलं, एवढा त्या प्रसंगाचा ऐवज. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या वाक्याने पुरावा म्हणून तोच एक कागद पुनःपुन्हा सादर केलेला असतो.

अशा समजुती टिकतात कशा, याचं उत्तर एका जुन्या म्हणीत जसं सापडतं तसं मला पाठ्यपुस्तकातही सापडलेलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आपण ही म्हण अतिसावधपणाची थट्टा म्हणून वापरतो. पण थोडं थांबून बघा: फुंकून प्यायलेल्या ताकाने तोंड भाजलं नाही, याचं श्रेय कुणाला जातं? फुंकरीला. ताक मुळात थंड होतं हे त्या माणसाला कधीच कळत नाही, कारण कळण्याचा एकुलता एक मार्ग त्याने फुंकर मारून बंद केला. तो रोज ताक पितोय, रोज सुखरूप आहे, आणि रोज त्याची समजूत थोडी आणखी पक्की होते आहे.

चिंतेवर उपचार करणारे मानसतज्ज्ञ याला ‘सुरक्षा-वर्तन’ म्हणतात. सभेत बोलताना कागदावरून नजर न हटवणं, प्रश्न येऊ नये म्हणून भरभर बोलून संपवणं, गणित दिसताच लगेच कॅल्क्युलेटर उघडणं, परक्या भाषेत बोलायची वेळ आली की सोबत्याला पुढे करणं, गाण्याचा आग्रह झाला की मुद्दाम विनोदी गाणं गाणं: या सगळ्या फुंकरा. त्यांचा त्रास असा की वरून पाहता माणूस ती गोष्ट करत असतो. वर्षाला वीस वेळा सभेत बोलणारा माणूसही ‘मला बोलता येत नाही’ ही समजूत जशीच्या तशी सांभाळू शकतो, कारण विसाच्या वीस वेळा कागद हातात होता. नुसता सराव वाढवून समजूत का हलत नाही, याचं कारण बऱ्याचदा इथे असतं.

या विषयावर बोलताना हटकून सांगितला जाणारा एक प्रयोग आहे, आणि तो हटकून अर्धाच सांगितला जातो. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या दोन गटांना विजेचे सारखेच धक्के दिले. एका गटाला डोक्याने फळी दाबून धक्का थांबवता येत होता, दुसऱ्याला काहीही केलं तरी थांबवता येत नव्हता. मग दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं की मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक तिथेच पडून राहिले, धक्के खात. ‘शिकलेली हतबलता’ हे नाव तिथून आलं.

सांगायचं राहून जातं ते पुढचं. या पडून राहिलेल्या कुत्र्यांना बरं कसं केलं? पलीकडे खाणं ठेवून भागलं नाही. १९६८च्या निबंधात उपाय नोंदवला आहे तो असा: गळ्याला दोरी बांधून त्यांना अडसरापलीकडे ओढत नेलं. एकदा नाही, पुष्कळदा. सुरुवातीला पूर्ण भार ओढावा लागला, मग हळूहळू दोरीला ताण कमी लागू लागला, आणि शेवटी कुत्रा आपला आपण गेला. समजूत बदलली ती पाय हलल्यानंतर. आणि २०१६ साली, जवळपास पन्नास वर्षांनी, त्याच दोघांनी मेंदूवरचं मधल्या काळातलं संशोधन समोर ठेवून आपलाच सिद्धान्त उलटा केला. हतबलता शिकली जात नाही, असं ते म्हणतात. लांबत जाणाऱ्या त्रासापुढे निपचित पडणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. म्हणजे ‘जमत नाही’ मोडून काढायचं नसतंच. त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी शिकायचं असतं, आणि ते अंगाने शिकायचं असतं.

म्हणून आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो, मी करू शकते’ म्हणण्याच्या उपायावर माझा फारसा विश्वास नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य लोकांना मनाशी पुनःपुन्हा म्हणायला लावलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात कमी होतं, म्हणजे ज्यांना या उपायाची गरज होती, त्यांना ते म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. ते समजण्याजोगं आहे. मोठ्याने म्हटलेल्या प्रत्येक वाक्याला आत कुणीतरी ‘कशावरून?’ विचारतं, आणि दाखवायला काही नसलं की मूळचं वाक्यच जिंकतं. ‘बुद्धी वाढते’ हे मुलांना शिकवण्याच्या उपक्रमांचंही असंच आहे. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी श्रेणी, सुमारे चार गुणांच्या मोजपट्टीवर, ०.१ गुणाने वाढली. तासाभराच्या मानाने ते चांगलंच आहे. पण भिंतीवर लावलेल्या तक्त्यांनी आयुष्यं पालटतात असं जे सांगितलं जातं, त्याच्या जवळपासही ते नाही.

मग काय चालतं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सापाला कमालीचं घाबरणाऱ्या प्रौढांवर केलेलं काम या बाबतीत आजही सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण त्यात पायऱ्या दिसतात. आधी काचेआडून बघायचं, दुसरा माणूस सापाला हाताळतोय ते. मग दार उघडं ठेवून खोलीत थांबायचं. मग त्या माणसाच्या हातावर हात ठेवायचा. मग हातमोजा घालून सापाला मध्यभागी स्पर्श. डोकं आणि शेपूट दुसऱ्याच्या हातात. मग मोज्याशिवाय. मग आपण एकट्याने धरायचा, आणि शेवटी मांडीवर घेऊन बसायचं. नुसती चित्रफीत बघणाऱ्यांपेक्षा हे हाताने करणारे कितीतरी पुढे गेले, आणि थोड्याच वेळात. यातली हातमोज्याची जागा नीट बघा. हातमोजाही फुंकरच आहे. फरक एवढाच की तो काढायचा आहे हे पहिल्यापासून ठरलेलं आहे, आणि कोणत्या पायरीवर काढायचा तेही. १९७७ मध्ये बांडुरांनी या सगळ्याची मांडणी केली, तेव्हा आत्मविश्वासाचे चार झरे सांगितले: स्वतः करून दाखवलेलं, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहिलेलं, कुणी दिलेला धीर, आणि शरीराकडून येणाऱ्या खुणा. यात पहिला सगळ्यात जोरकस. धीर देणं त्यांनी कमकुवत मानलं, कारण एका अपयशाने ते पुसलं जातं.

दुसऱ्या झऱ्याबद्दल जाता जाता एक. बघायला निवडलेला माणूस वाकबगार असला तर उलटाच परिणाम होतो. ‘तो काय, त्याचं वेगळं आहे’ हे तयारच असतं. आपल्यापेक्षा सहा महिने पुढे असलेला, अजून अडखळणारा, आणि अडखळून पुन्हा उभा राहणारा माणूस शोधावा.

आता चार मिनिटांच्या मैलाबद्दल बोलायलाच हवं, कारण या विषयावरचं कुठलंही भाषण तिथे गेल्याशिवाय राहत नाही. गोष्ट अशी सांगतात: चार मिनिटांच्या आत मैल धावणं अशक्य आहे असं सगळं जग मानत होतं, ६ मे १९५४ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. आणि मनातली भिंत कोसळल्यावर धावपटूंची रांग लागली. सुंदर आहे. तपशिलात गेलं की मात्र वेगळंच दिसतं, आणि माझ्या मते जास्त कामाचं.

स्वीडनच्या गुंडर हेगने १९४५ मध्येच ४:०१.४ वेळ नोंदवली होती. दीड सेकंदासाठी नऊ वर्षं लागली हे खरं. पण त्या नऊ वर्षांत महायुद्धातून उठणारा युरोप होता, आणि हेग व त्याचा प्रतिस्पर्धी आर्ने अँडरसन हे त्या वेळचे दोन सर्वांत वेगवान धावपटू पैसे घेतल्याच्या कारणावरून हौशी स्पर्धांमधून बाद झाले होते. भिंत सगळी मनात नव्हती. बॅनिस्टरनंतर ४६ दिवसांनी जॉन लँडी तुर्कूमध्ये त्याहून वेगाने धावला, पण लँडी त्याआधी कित्येक शर्यतींत ४:०२च्या आसपास येऊन अडकलेला होता. तो कुठल्या क्षणी आत जाईल याचीच वाट होती. आणि रांग म्हणावी तर १९५५ अखेरपर्यंत मोजून मूठभर लोक.

खुद्द बॅनिस्टरने काय केलं ते बघा. तो वैद्यकीय शिक्षण घेत होता, धावपट्ट्यावर श्वसनाचे प्रयोग स्वतःवर करत होता. चार मिनिटांचा मैल म्हणजे ४४० यार्डांच्या चार फेऱ्या, प्रत्येकी ६० सेकंदांच्या आत. म्हणून सराव असा: ४४० यार्ड दहा वेळा, दोन धावांच्या मध्ये दोन मिनिटं विश्रांती. हिवाळ्यात या दहांची सरासरी ६६ सेकंदांच्या आसपास होती. वसंतापर्यंत ती ६१वर आली आणि तिथे रुतून बसली. आठवड्यामागून आठवडे गेले तरी हलेना. तेव्हा तो आणि ख्रिस ब्रॅशर सराव सोडून काही दिवस स्कॉटलंडमध्ये डोंगर चढायला गेले. परतल्यावर सरासरी ५९ झाली. शर्यतीत आधी ब्रॅशरने आणि मग ख्रिस चॅटवेने पुढे राहून वेग बांधून दिला. ‘चार मिनिटं शक्य आहेत का’ हा प्रश्न त्या हिवाळ्यात सरावाच्या मैदानावर नव्हताच. तिथे प्रश्न होता, ‘आज दहांची सरासरी किती?’ पहिल्या प्रश्नावर माणूस रात्रभर तळमळू शकतो. दुसऱ्याला घड्याळ लागतं.

समजूत माणसाची एकट्याची नसते, तेव्हा मामला वेगळा होतो, हेही याच खेळात दिसतं. १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. लीना राडकेने २:१६.८चा विश्वविक्रम करून ती जिंकली. वर्तमानपत्रांनी मात्र छापलं की शर्यतीनंतर स्त्रिया पटापट कोसळल्या. अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या होत्या. दमून बसणं, आडवं होणं पुरुषांच्या शर्यतीनंतरही होतंच. त्या बातम्यांच्या जोरावर शर्यत बंद झाली ती थेट १९६०पर्यंत. बत्तीस वर्षं ‘बायकांना झेपत नाही’ हे वाक्य सुरक्षित राहिलं, कारण ज्या शर्यतीत ते खोटं ठरलं असतं ती शर्यतच त्या वाक्याने काढून टाकली होती. स्त्रियांची ऑलिंपिक मॅरेथॉन तर १९८४मध्ये सुरू झाली, आणि पहिलीच जोन बेनॉइटने २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. अशा ठिकाणी आपल्या समजुतीची खात्री किती टक्के, ते वैयक्तिक वहीत लिहून, तपासून काही होत नाही. फाटक उघडावं लागतं. ‘मनात आणलं की सगळं शक्य’ म्हणणाऱ्यांना हे फाटक सहसा दिसत नाही.

पण फाटक उघडं असून आपणच आत जात नसू, तर वही कामाची आहे. तिची पद्धत मनातल्या समजुती तपासणाऱ्या संज्ञानात्मक उपचारांत ‘वर्तन-प्रयोग’ म्हणून वापरली जाते, आणि घरी करायला अवघड नाही. अवघड जातं ते पहिलंच पाऊल: वाक्य तपासता येईल असं लिहिणं.

‘मला चारचौघांत बोलता येत नाही’ हे तपासताच येत नाही. चारचौघं म्हणजे किती, सहा की साठ? बसून की उभं राहून? तयारीने की अचानक? ओळखीच्यांत की परक्यांत? या प्रश्नांना उत्तरं देतानाच निम्मं वाक्य गळून पडतं, कारण ओळखीच्या तिघांत बसून बोलता येतंच हे लक्षात येतं. उरलेलं असं लिहायचं: ‘सहा जणांसमोर उभं राहून, कागदाशिवाय, तीन मिनिटं बोलताना मी मध्येच १० सेकंदांहून जास्त काळ गप्प होईन, आणि दोनपेक्षा जास्त जण फोन काढतील.’ पुढे खात्री: ८५ टक्के. ‘लोकांना कंटाळा येईल’ असं लिहायचं नाही. कंटाळा कॅमेऱ्यात येत नाही, फोन काढणं येतं. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच भाकितात ठेवायचं, हा नियम पाळला तर बाकीचे नियम थोडे सैल सोडले तरी चालतात.

मग आपल्या फुंकरा लिहायच्या: कागद, घाई, नजर चुकवणं, सुरुवातीलाच ‘माझी तयारी नाही हं’ म्हणणं. या वेळी त्यातली कोणती सोडणार, ते एकीपुढे खूण करून ठरवायचं. सगळ्या एकदम सोडू नयेत. मग तारीख, वेळ, जागा. फोनवर ध्वनिमुद्रण. झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत जे घडलं ते लिहायचं, कारण संध्याकाळपर्यंत आठवणीला मूळ समजुतीचा रंग चढतो. आतून दहा सेकंदांची वाटलेली शांतता मुद्रणात तीनचार सेकंदांची निघते, हे फार वेळा होतं. मग खात्रीचा आकडा पुन्हा. ८५चा शून्य होत नाही. ७० होतो. एवढ्याने खट्टू होण्याचं कारण नाही. पंचवीस वर्षांचं वाक्य तीन मिनिटांत पंधरा टक्के हललं.

बिघडतं कुठे? बहुतेकदा पायरीच्या उंचीत. उत्साहाच्या भरात पहिलीच चाचणी दोनशे लोकांसमोर ठेवली जाते. तिथे पडलं की समजुतीला नवा, ताजा, तारखेसह पुरावा मिळतो. उलट पायरी इतकी बुटकी असली की पार करणार हे शंभर टक्के माहीत, तर पार करून काहीच कळत नाही. साधारण तीनात दोनदा निभेल असं वाटणारी पायरी घ्यावी, हा माझा अंदाजपंचे ठोकताळा आहे, पण तो बरा चालतो. दुसरी गडबड निकाल लागल्यानंतरची: ‘आज लोक चांगले होते’, ‘विषयच सोपा होता’. म्हणून काय झालं तर भाकीत खोटं मानायचं, हे आधीच शाईने लिहून ठेवायचं. नाचता येईना अंगण वाकडं हे आपल्याला माहीत आहे. इथे नाचता आलं तर अंगणाला श्रेय देणारी माणसं भेटतात, आणि ती आपणच असतो. तिसरी गडबड, एकदा जमल्यावर तीच चाचणी तशीच पाचदा करणं. मन हुशार असतं, ‘याच खोलीत, याच सहा जणांत जमतं’ एवढीच नोंद घेतं. खोली बदला, माणसं बदला, वेळ बदला.

आता एक ‘जमत नाही’ जवळून बघू: ‘मला सूर नाही.’ हे वाक्य निवडायचं कारण, त्याची तपासणी एका खोलीत, फोनवर, पंधरा मिनिटांत होते. आणि त्यात खरी मर्यादाही आहे. जन्मतःच स्वरांमधला फरक मेंदूला नीट न कळणं ही वस्तुस्थिती आहे, पण ती शंभरात फार तर चौघांची, अलीकडच्या अंदाजांनी त्याहून कमी जणांची. ‘मला सूर नाही’ म्हणणारे यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

म्हणून आधी कान तपासायचा, गळा नंतर. फोनवर पियानोच्या पट्ट्यांचं कुठलंही ॲप उघडा. दुसऱ्या कुणालातरी शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, काळी-पांढरी धरून अगदी लगतच्या, कधी चढत्या कधी उतरत्या क्रमाने वाजवायला सांगा. आपण पाठ फिरवून सांगायचं: दुसरा स्वर वर गेला की खाली आला. अशा वीस जोड्या. क्रम नाणं उडवून ठरवा, नाहीतर वाजवणाऱ्याच्या सवयी ओळखू येतात. नुसत्या अंदाजाने सरासरी १० बरोबर येतील. १५ किंवा जास्त आले, तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता सुमारे दोन टक्के. म्हणजे कान ऐकतोय. १०-१२च्या आसपास अडकलात, तर दुसऱ्या दिवशी पट्ट्यांमधलं अंतर वाढवून पुन्हा करा.

कान ऐकतो आणि गळा चुकतो, ही सर्वसाधारण स्थिती. ते कौशल्याचं काम आहे, नेम धरण्यासारखं. पहिली चूक होते ती पट्टीत, म्हणजे आवाजाच्या उंचीत. लोक ज्या गायकाच्या गाण्याबरोबर गाऊन बघतात त्याची पट्टी त्यांच्या गळ्याची नसते. म्हणून स्वराची उंची दाखवणारं ट्यूनरचं ॲप लावून साध्या बोलण्याच्या आवाजात ‘हं’ असं लांबवा आणि काटा कुठे थांबतो ते बघा. पुरुषांचा साधारण १०० ते १३० हर्ट्झ, स्त्रियांचा २००च्या आसपास येतो. आपला जो येईल त्याच्या जवळचा एक स्वर सलग वाजत राहील असा लावा. आवाज बेताचा ठेवा. मोठा ठेवला की आपला गळा आपल्याला ऐकू येत नाही, आणि ही दुसरी नेहमीची चूक.

पाच सेकंद फक्त ऐका. मग पाच सेकंद गप्प राहून तो स्वर मनात धरा. ही पायरी सगळे गाळतात आणि तिथेच नेम हुकतो. मग तोंड मिटून, हळू, खालून वर सरकत ‘हं’ म्हणा, सायरनसारखं. एका कानावर तळवा ठेवला तर आतला आवाज स्पष्ट येतो. स्वराच्या अगदी जवळ आलात की दोन आवाज मिळून हेलकावू लागतात, थरथर ऐकू येते. वाजणारा स्वर २२० हर्ट्झचा आणि तुमचा २२३चा असेल तर सेकंदाला तीन हेलकावे. जवळ जाल तसे ते मंद होतात, आणि जुळलं की थांबतात. तो थांबण्याचा क्षण लोकांना चेहऱ्यावर, टाळूवर, नाकाच्या मुळाशी जाणवतो. जुळलेलं ओळखायला तिथे परीक्षक लागत नाही.

दिवसाला दहा प्रयत्न, प्रत्येकाच्या शेवटी ट्यूनर बघायचा आणि लागला की नाही एवढी खूण करायची. पहिल्या आठवड्यात दहात तीन-चार लागणं साधारण. चौथ्या-पाचव्या दिवशी आपण मागे गेलो असं वाटू शकतं, कारण कान गळ्यापेक्षा लवकर सुधारतो आणि आधी ‘लागला’ वाटलेलं आता बेसूर ऐकू यायला लागतं. बहुतेक लोक इथेच सोडतात, आणि प्रगतीलाच अपयश समजून सोडतात. मुद्रण ऐकून दचकून सोडणारेही पुष्कळ. स्वतःचा आवाज आपल्याला रोज हाडांमधूनही ऐकू येत असतो, त्यामुळे मुद्रणातला आवाज पातळ आणि परका वाटतो. तो सगळ्यांनाच वाटतो. सुराशी त्याचा संबंध नाही.

तीन आठवड्यांनी वाक्य कसं दिसतं? ‘मला सूर आहे’ असं नाही होत. होतं ते असं काहीतरी: ‘माझ्या पट्टीत सलग वाजणाऱ्या स्वराला दहात सात वेळा लागतो, वर गेलं की तीन, स्वर बंद करून आठवणीने लावायचा तर दोन.’ हे वाक्य काही कौतुकाचं नाही. पण यात पुढे काय करायचं ते दिसतं, आणि कुठे खरोखर अडतं तेही. खरी मर्यादा असली तर ती अशीच आकड्यात सापडते: महिनाभर प्रयत्न करूनही दहात दोनच, कान तपासणीतही अकराच. तसं निघालं तर गाणं सोडून दुसरं काही करावं, आणि ते खुशाल करावं. जन्मभर न तपासता सोडण्यापेक्षा महिनाभर तपासून सोडलेलं हलकं असतं.

वहीत चाचणीच्या दिवशी फार काही लिहायचं नसतं. तारीख, दहात किती, कोणती फुंकर सोडली, खात्रीचा आकडा. जुना खोडायचा, पण वाचता येईल असा, एका रेघेने. आणि त्याखाली, पेन हातात आहे तोवर, पुढच्या खेपेचा वार आणि वेळ.